५००० लिहिलेली एनव्हीएमई १७४० वर अडकते, मोठी कॉपी करताना तर १२० वर येते

प्रश्न | उघडं_कॅबिनेट

बी५५० मदरबोर्ड, रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, विंडोज ११. १ टीबीची जेन ४ (पीसीआयई जोडणीची चौथी पिढी) एनव्हीएमई एसएसडी खालच्या एम.२ स्लॉटमध्ये लावली आहे. खोक्यावर वाचनाचा वेग ५००० एमबी प्रतिसेकंद लिहिलाय. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कच्या पहिल्या ओळीत वाचन १७४० आणि लेखन १६९० येतं.

दुसरा त्रास कॉपीचा. जुन्या साटा एसएसडीवरून १५० जीबीचे व्हिडिओ टाकताना सुरुवातीला ५०० मिळतात, ७०-७५ जीबी झाले की वेग धाडकन १२० वर येतो आणि तिथेच राहतो. कॉपीआधी ३०० जीबी मोकळी होती. कॉपी चालू असताना तापमान ५८ अंश. ड्राइव्ह सदोष आहे का?

उत्तर | लेन_मोजा

ड्राइव्ह ठीक आहे, स्लॉट चुकलाय. १७४० हा आकडाच ते सांगतो. पीसीआयई ३.० च्या एका लेनमधून, म्हणजे डेटाच्या एका वाटेतून, सेकंदाला साधारण ९८५ एमबी जातात, दोन लेनमधून १९७०. त्यातला काही भाग प्रोटोकॉल खातो आणि हातात १७०० च्या आसपास उरतात. म्हणजे तुमच्या खालच्या स्लॉटला दोनच लेन जोडलेल्या असणार. बी५५० च्या काही साध्या बोर्डांवर दुसरा स्लॉट असाच असतो, आणि तो थेट प्रोसेसरऐवजी चिपसेट या बोर्डावरच्या चिपमधून येतो.

खात्रीसाठी ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘ट्रान्सफर मोड’ बघा. डावीकडे सध्याची जोडणी, उजवीकडे ड्राइव्हची क्षमता. तिथे ‘३.० एक्स२ | ४.० एक्स४’ दिसलं (एक्स२ म्हणजे दोन लेन) तर विषय संपला.

ड्राइव्ह वरच्या, प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये हलवा. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, स्लॉट बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. वीज पूर्ण बंद करून ड्राइव्ह तिरपी धरून शेवटपर्यंत आत ढकला, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू हाताला लागला की थांबा, करकचून आवळू नका. हीटसिंक असेल तर थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका, ती राहिली तर पॅड असून नसल्यासारखा. ड्राइव्हवरचं लेबल मात्र सोलू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो.

तरीही ५००० मिळणार नाहीत. बी५५० बोर्ड जेन ४ चालवतो, पण ५६००जी हा प्रोसेसर फक्त पीसीआयई ३.० देतो, त्यामुळे छत ३५०० चं. जेन ४ साठी ५६०० किंवा ५६००एक्स लागेल, आणि त्यांत ग्राफिक्स नसल्यामुळे वेगळं कार्डही. एवढ्यासाठी प्रोसेसर बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं हे क्रिस्टलडिस्कमार्कच्या शेवटच्या ओळीवर, म्हणजे ४के रँडमवर (विखुरलेले ४ केबीचे तुकडे एकेक करून वाचण्याच्या वेगावर) जास्त अवलंबून असतं. तिथे चांगल्या ड्राइव्हचे आकडेही शंभरच्या आतबाहेर असतात, आणि लेनचा वेग दुप्पट केल्याने ते दुप्पट होत नाहीत.

उत्तर | कॅशे_भरली

कॉपीचं कारण वेगळं आहे, स्लॉट बदलून ते जाणार नाही.

सुरुवातीचे ५०० हे जुन्या ड्राइव्हचं छत. साटाचा ६ गिगाबिटचा दुवा एन्कोडिंग वजा जाता ६०० एमबी देतो, प्रत्यक्षात ५५० च्या आसपास. म्हणजे पहिल्या ७५ जीबीपर्यंत नव्या ड्राइव्हवर ताण आलाच नव्हता.

१२० वर येणं हे क्यूएलसीचं लक्षण आहे. या चिपमध्ये एका सेलमध्ये ४ बिट असतात, म्हणजे व्होल्टेजच्या १६ पातळ्या नेमक्या साधायच्या. ते काम सावकाश होतं. म्हणून कंट्रोलर मोकळ्या जागेत आधी सेलमागे १ बिट भराभर लिहितो, तीच एसएलसी कॅशे. पण असं लिहिताना चौपट जागा अडते. ३०० जीबी मोकळी असेल तर कॅशे जास्तीत जास्त ७५ जीबी, आणि तुमचा वेग नेमका तिथेच पडतोय. त्यानंतर नवा डेटा लिहायचा आणि जुना आवरून ४ बिटांत बसवायचा, ही दोन्ही कामं एकदम चालतात.

५८ अंश म्हणजे उष्णतेचा दोष नाही. ड्राइव्ह सहसा सत्तरीच्या वर गेल्याशिवाय वेग कमी करत नाहीत.

उपाय मर्यादित आहेत. जागा मोकळी ठेवा, मोठी कॉपी तुकड्यांत करा आणि मधे ड्राइव्हला निवांत सोडा, ती स्वतः कॅशे रिकामी करते. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये ती ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ म्हणून दिसते का आणि वेळापत्रक चालू आहे का तेही बघा. ट्रिम, म्हणजे कुठली जागा पुसली ते ड्राइव्हला कळवणारी विंडोजची आज्ञा, पोहोचला नाही तर पुसलेली जागा कंट्रोलरला भरलेलीच वाटते, आणि कॅशे आणखी आक्रसते. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये हे पकडता येत नाही, त्याची प्रत्येक चाचणी काही सेकंदांत संपते.

प्रतिसाद | उघडं_कॅबिनेट

हलवली. आता ‘३.० एक्स४ | ४.० एक्स४’ दिसतं, वाचन ३४८०. ट्रिमचं वेळापत्रक चालू आहे. खालच्या रिकाम्या स्लॉटमध्ये व्हिडिओसाठी दुसरी घ्यायची तर काय बघू?

उत्तर | लेन_मोजा

टीएलसी (एका सेलमध्ये ३ बिट) घ्या, बाकी सगळं त्यानंतर. माहितीपत्रकात नँडचा, म्हणजे मेमरी चिपचा प्रकार लिहिलेला नसेल तर टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिहिण्याची हमी) बघा: १ टीबीच्या टीएलसीला बहुधा ६०० टीबी असतो, २००-३०० दिसला तर क्यूएलसीचा संशय घ्या. परीक्षणात कमाल वेगाऐवजी कॅशे संपल्यानंतरचा लेखनवेग शोधा. तो स्लॉट दोन लेनचा असल्याने जेन ४ साठी जादा पैसे घालू नका.

ड्राइव्हवर डीरॅम (डेटा कुठे आहे त्याचा तक्ता ठेवणारी स्वतःची मेमरी) असेल तर उत्तम, नसेल तर एचएमबी (होस्ट मेमरी बफर) हवं. त्यात ड्राइव्ह मुख्य रॅममधले थोडे एमबी आपल्या तक्त्यासाठी वापरते, विंडोज ११ मध्ये काही करावं लागत नाही. ही सोय साटामध्ये नाही, म्हणून डीरॅम नसलेली साटा एसएसडी अशा कामाला टाळा.

आणि विकत घेण्याआधी बोर्डाच्या मॅन्युअलमधला एम.२ चा तक्ता वाचा. कित्येक बोर्डांवर खालचा स्लॉट भरला की एकदोन साटा पोर्ट बंद पडतात. जुनी ड्राइव्ह अचानक गायब झाली तर केबल दुसऱ्या पोर्टला लावा.