कादंबरीवरून केलेला हेरपट जोखायचा कसा? 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'च्या निमित्ताने (स्पॉयलर आहेत)

सांजवारा:
जॉन ल कारेची १९७४ची कादंबरी आणि तिच्यावरून टोमास आल्फ्रेडसनने केलेला २०११चा चित्रपट यांवर आमच्या वाचनकट्ट्यावर चर्चा ठेवली आहे. ब्रिटिश गुप्तहेर संस्थेत वरच्या जागी बसलेला सोव्हिएतांचा फितूर निवृत्त अधिकारी स्माइली शोधून काढतो, अशी ही कथा. अशा चर्चा हमखास 'पुस्तकात हे होतं, सिनेमात गाळलं' इथेच अडकतात. ते टाळायचं आहे. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्यात. १२७ मिनिटांत सगळं पुस्तक मावणार नाही हे उघड आहे, मग गाळलेल्यापैकी दोष कशाला म्हणायचं? बीबीसीची १९७९ची सात भागांची मालिका तुलनेला घ्यावी का? आणि ज्याला फितूर कोण हे आधीच ठाऊक आहे, त्याचं चित्रपटाबद्दलचं मत कितपत धरायचं?

रीळ_बदला:
गाळलेल्या प्रसंगांची यादी खरंच बाजूला ठेवा. हेरकथेत सगळा खेळ माहितीचा असतो, म्हणजे कुणाला काय ठाऊक आहे आणि ते कधी कळतं याचा. कादंबरीने माहिती ज्या क्रमाने सोडली तो क्रम चित्रपटाने मोडला का, आणि मोडून काय कमावलं, हे बघा. त्यासाठी एक तक्ता करा. रकाने तीन: प्रेक्षक, स्माइली, शत्रू. दर दहा मिनिटांनी चित्रपट थांबवून प्रत्येकाला त्या घडीला काय माहीत आहे ते एका ओळीत लिहायचं. पुस्तकासाठी हेच दर दोन-तीन प्रकरणांनी. पहिल्यांदा चित्रपट सलग पाहा, तक्ता दुसऱ्या वेळी.

सुरुवातीलाच फरक दिसेल. कादंबरी उघडते एका शाळेत. पाठीला दुखापत झालेला माजी हेर जिम प्रिडो तिथे शिकवायला येतो आणि आपण त्याला बिल रोच नावाच्या मुलाच्या नजरेतून पाहतो. चेकोस्लोव्हाकियात त्याच्यावर काय गुदरलं, ते पूर्णपणे कळायला बरीच पानं जावी लागतात. चित्रपट मात्र ती मोहीमच आधी दाखवतो, तीही बुडापेस्टला हलवून. कॅफेत घामाघूम झालेला वेटर, मग गोळीबार. त्यामुळे 'त्या रात्री काय घडलं?' या प्रश्नाच्या जागी 'हे घडवलं कुणी?' हा प्रश्न येतो. पहिल्या काही मिनिटांत पणाला काय लागलंय ते कळतं, हा फायदा. शाळेतल्या प्रसंगांमधलं गूढ पातळ होतं, हे नुकसान. तरी गोळी लागून पडलेला माणूस पुढे वर्गात शिकवताना दिसतो तेव्हा प्रेक्षक बुचकळ्यात पडतो, म्हणजे थोडी भरपाई होते. हा सौदा मला पटतो.

दुसरी कसोटी: पात्राच्या डोक्यात चाललेलं पडद्यावर कसं आणलं? पुस्तकातला स्माइली सारखा आठवणींत शिरतो. पटकथाकार ब्रिजेट ओकॉनर आणि पीटर स्ट्रॉहन यांनी निवेदनाचा आवाज वापरलेला नाही. निवृत्तीनंतर स्माइली नवा चष्मा घेतो, आणि पुढे चष्म्याची फ्रेम पाहून प्रसंग आत्ताचा की पूर्वीचा हे ओळखायचं असतं. 'काळाचा गोंधळ आहे' अशी तक्रार करणाऱ्यांना हे आधी सांगा. स्माइली झालेला गॅरी ओल्डमन सुरुवातीची पंधराएक मिनिटं तोंडही उघडत नाही. तो ऐकतो, बघतो, त्यामुळे आपणही तेच करू लागतो.

दिल्लीचा प्रसंग तर शिकवण्यासारखा आहे. १९५५ साली दिल्लीच्या तुरुंगात स्माइली सोव्हिएत हेर कार्लाला फितवू पाहतो, आणि बोलता बोलता बायकोवरचं, अ‍ॅनवरचं आपलं प्रेम उघडं करून बसतो. तीच त्याची दुखरी नस आहे हे कार्ला हेरतो. मालिकेत हे फ्लॅशबॅकमध्ये दिसतं, कार्ला झालेला पॅट्रिक स्ट्युअर्ट एक शब्दही बोलत नाही. चित्रपटात फ्लॅशबॅक नाही. ओल्डमन रिकाम्या खुर्चीसमोर बसून जणू कार्ला तिथे आहे अशा थाटात आपल्या मदतनिसाला, गिलमला, ही हकिगत सांगतो. कार्लाला चेहरा मिळत नाही आणि स्माइलीचा पराभव त्याच्याच तोंडून ऐकू येतो. इथे चित्रपट मालिकेच्या पुढे गेला आहे.

तिसरी कसोटी वाढवलेल्या प्रसंगांची. नवा प्रसंग एकाच वेळी तीन-चार कामं करत नसेल तर तो भरती समजा. नाताळची पार्टी पुस्तकात नाही. पण तिच्यातून कंट्रोलच्या (जुन्या प्रमुखाच्या) काळातली गुप्तहेर संस्था दिसते, लेनिनचा मुखवटा घातलेला सांताक्लॉज सोव्हिएत राष्ट्रगीत म्हणवून घेतो, हेडन आणि प्रिडो यांच्यातली नजरानजर दिसते, आणि अ‍ॅन दुसऱ्या कुणाच्या मिठीत असलेली स्माइलीला खिडकीतून दिसते. पुस्तकात विखुरलेल्या आठवणी एका रात्रीत आणल्या आहेत. (गर्दीत स्वतः ल कारेही आहेत.)

आता दोष. संस्थेतले वरिष्ठ संशयित चार: अलेलाइन, हेडन, ब्लँड, एस्टरहेज. पैकी ब्लँड म्हणजे किअरन हाइंड्ससारखा नट, पण त्याच्या वाट्याला फारसं काही येतच नाही. ज्याच्याबद्दल आपल्याला काही माहीत नाही, त्याच्यावर संशय घेणार कसा? मालिकेकडे सात भाग होते, तिथे चौघांनाही आपापली जागा मिळते. म्हणून मालिका तुलनेला जरूर घ्या, पण फक्त याच मुद्द्यापुरती. अ‍ॅलेक गिनेस (मालिकेतला स्माइली) चांगला की ओल्डमन, या वादात संध्याकाळ घालवू नका.

कुंपणाकाठी:
संशयितांबद्दल तुम्ही फार सौम्य बोलताय. फितूर निघतो तो हेडन, त्याच्या भूमिकेत कॉलिन फर्थ आहे, आणि फेब्रुवारी २०११मध्ये त्याला प्रमुख भूमिकेचं ऑस्कर मिळालं होतं. त्याच सप्टेंबरात हा चित्रपट ब्रिटनमध्ये लागला. चौघांतला सर्वांत मोठा तारा कोण ते पोस्टरच सांगतं, आणि एवढा मोठा नट कुणी कोपऱ्यात बसवायला घेत नाही हे नेहमीच्या प्रेक्षकाला कळतं. पुस्तकात चारही नावं वाचकाला सारखीच अनोळखी असतात. पात्रनिवडीने ही समानता मोडली, आणि ती सावरायची तर बाकी तिघांना भक्कम प्रसंग द्यायला हवे होते.

सांजवारा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'द डे ऑफ द जॅकल'मध्ये आहे. फ्रेडरिक फोर्सिथची कादंबरी १९७१ची, फ्रेड झिनेमनचा चित्रपट १९७३चा. जॅकल हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला नेमलेला भाडोत्री मारेकरी. द गॉल १९७०मध्ये आपल्या घरी वारले, म्हणजे ऑगस्ट १९६३मध्ये त्यांची हत्या झाली नाही हे पुस्तक उघडण्याआधीच सर्वांना ठाऊक होतं. तरी ताण सुटत नाही, कारण प्रश्न 'काय होणार' हा नसून 'इतका पक्का बेत फसणार कुठे' हा आहे. मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढणं, बंदुकीचे सुटे भाग कुबडीच्या नळ्यांत बसवणं, अशी एकेक पायरी आपण बघतो. कलिंगडावरचा नेमबाजीचा सराव आठवा. झाडाला टांगलेलं, चेहरा रंगवलेलं कलिंगड. गोळी बाजूला जाते, तो दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो, पुन्हा झाडतो, आणि शेवटी स्फोटक गोळीने कलिंगडाच्या चिंध्या होतात. संवाद जवळजवळ नाही, तरी द गॉलचं काय होऊ शकतं ते डोळ्यांसमोर आलं. बंदूक बनवणारा पुस्तकात ब्रुसेल्सचा, चित्रपटात जिनोआचा. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण तो दुवा कथेत तेच काम करतो. आणि जॅकलसाठी एडवर्ड फॉक्स घेतला, जो तेव्हा मोठा तारा नव्हता. चेहरे बदलून गर्दीत विरघळणारा माणूस म्हणून तो पटतो.

तेव्हा पुस्तक वाचलेल्याचं मत पूर्ण धरा. रहस्य माहीत असूनही प्रसंग धरून ठेवतो का, हे तोच सांगू शकतो. 'फितूर कोण हे ओळखता येतं का' एवढ्या एका बाबतीत मात्र न वाचलेल्याला विचारा.

मीठभाकर:
एक भर. कथेमागे खरा इतिहास असेल तर तक्त्याला चौथा, इतिहासाचा रकाना लागतो. 'राझी' (२०१८) हरिंदर सिक्कांच्या 'कॉलिंग सेहमत'वरून केला. पुस्तकाशी इमान आणि इतिहासाशी इमान हे दोन हिशेब वेगळे ठेवा. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी डिसेंबर १९७१मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडाली, हे खरं. ती कशामुळे बुडाली याबद्दल दोन्ही देशांची म्हणणी वेगळी आहेत, आणि भारताची विमानवाहू नौका 'विक्रांत' तिथेच आहे असं भासवण्यात 'राजपूत' या जुन्या युद्धनौकेचा वाटा होता. एका मुलीच्या (हेर सेहमतच्या) बातमीवर सगळं श्रेय ठेवणं ही नाट्याची गरज, इतिहास नव्हे.

चित्रपट म्हणून त्यात अस्सल काय असेल तर 'ऐ वतन'. सेहमत ते पाकिस्तानी लष्करी शाळेतल्या मुलांकडून बसवून घेते. मुलं आपल्या देशासाठी गातात, ती आपल्या. शब्द तेच. कादंबरीला हे निवेदनातून सांगावं लागेल, पडद्यावर तिच्या डोळ्यांत दिसतं.

सांजवारा:
फार कामाचं मिळालं, आभार. दोन तासांची बैठक आहे, म्हणजे पूर्ण चित्रपट दाखवता येणार नाही. कोणते तुकडे दाखवावेत?

रीळ_बदला:
तीन पुरेत, प्रत्येकी पाच-सात मिनिटांचे. आधी बुडापेस्टची सुरुवात, आणि तिच्या जोडीला कादंबरीचं पहिलं प्रकरण कुणीतरी मोठ्याने वाचावं. मग गिलम मुख्यालयातून फाइल पळवतो तो भाग, वरच्या मजल्यावरच्या उलटतपासणीसकट. तक्त्याचे तिन्ही रकाने इथे भरभर बदलतात, म्हणून हा लोकांकडूनच भरून घ्या. शेवटी रिकामी खुर्ची, आणि लगेच मालिकेतला दिल्लीचा प्रसंग.

नाताळच्या पार्टीचे तुकडे चित्रपटभर विखुरलेले आहेत. ते आधी जोडून दाखवले तर परिणाम जातो, म्हणून त्याबद्दल फक्त बोला. न वाचलेल्यांना पहिल्या तुकड्याआधी चौघांची छायाचित्रं दाखवून फितूर कोण ते चिठ्ठीवर लिहायला सांगा. कुंपणाकाठी यांचा फर्थबद्दलचा मुद्दा तिथल्या तिथे तपासून होईल.

चित्रपटाचा रंग मुद्दाम तपकिरी-राखाडी आणि अंधारा ठेवला आहे. प्रोजेक्टर असेल तर पडदे पूर्ण ओढा, नाहीतर चष्म्याची फ्रेमच दिसणार नाही. संवाद पुटपुटल्यासारखे आहेत, इंग्रजी सबटायटल चालू ठेवा.

कुंपणाकाठी:
आणि चिठ्ठ्या हेडनचं नाव कळण्याआधीच गोळा करा. नंतर सगळेच म्हणतात, आम्हाला वाटलंच होतं.