घडी मोडणे : चांगलं की वाईट?

कडीकुलूप:
पुढच्या आठवड्यात मामीचं वर्षश्राद्ध आहे. भाजी निवडता निवडता बसल्या जागी गेली, आजार नाही काही नाही, पन्नाशीपण नव्हती. फॅमिली ग्रुपवर तिच्याबद्दल चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं तर मी लिहिलं, "कपाटात साड्यांची चळत, निम्म्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती, आता मुलींनी त्या खुशाल नेसाव्यात." लगेच थोरल्या आत्याचा फोन. म्हणे घडी मोडणे म्हणजे संसार विस्कटणे, श्राद्धाच्या मेसेजात असलं अभद्र लिहितात का! मी तर नवं कापड पहिल्यांदा अंगाला लावणे याच अर्थाने ऐकलंय. बरोबर कोण?

तिखटमीठ:
तुम्हीच. आमच्याकडे नवी साडी आणली की आधी जावेला नाहीतर बहिणीला म्हणायचं, तू मोड गं घडी. ती एकदा नेसून परत देणार. माया असते त्यात. आणि संसाराची घडी विस्कटते, मोडत नाही.

नारायणपेठी:
मोडते की. "बसलेली घडी मोडली" सर्रास म्हणतात, आत्याबाई अगदीच चूक नाहीत. मोडणे-फुटणे म्हणायलाच आपण घाबरतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं, नारळसुद्धा वाढवायचा.

घटिकापात्र:
मला फार पूर्वीपासून वाटतं की दोन्ही घड्या एकच, कापडाची आणि वेळेची. घटिका म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या ६०. बुडाला भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यात सोडायचं, भरून बुडालं की एक घटिका झाली. म्हणून तर माणूस गेला की घटका भरली म्हणतात. घडीचा भरवसा नाही, मग साडीची घडी कशाला जपायची!

नारायणपेठी:
उच्चार जुळला की झाली व्युत्पत्ती? वेळेची घडी घटिकेवरून हे ठीक, कापडाचा पाण्यात बुडणाऱ्या वाटीशी काय संबंध?

मांजराकाठ:
आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, पहाटे चारच्या सुमारास. माळवदाची घरं, दगडमातीच्या हे जाड भिंती, लोकं झोपेतच गेली. आईची ट्रंक ढिगाऱ्यातून निघाली, आत काठापदराचं इरकल, थोरलीच्या लग्नात नेसायचं म्हणून वर्षानुवर्षं ठेवलेलं. थोरली त्या रात्रीच गेली. पत्र्याच्या शेडात राहायला गेल्यावर आईनं ते रोजच्याला काढलं, भाकरी थापतानासुद्धा तेच, पदराला पीठ. बायका म्हणायच्या अगं ठेवणीतलं ना ते, तर म्हणायची, कुणासाठी ठिवू? तेव्हापासून घरात नवं कापड आलं की आठ दिवसांच्या आत घडी मोडलीच पाहिजे. आता तर लातूरच्या दुकानात बिल होईपर्यंतसुद्धा दम निघत नाही तिला. शुभ-अशुभ तुम्ही ठरवा.

तिखटमीठ:
काय बोलावं दादा. आईंना नमस्कार सांगा.
आणि ठेवून तरी काय होतं, रेशीम घडीवरच चिरतं. माझ्या आजेसासूबाईंचा शालू डांबराच्या गोळ्या घालून जपलेला, उलगडला तर प्रत्येक घडीवर पट्टीने आखल्यासारखी सरळ चीर, जर काळी पडलेली. मधूनमधून घडी बदलावी लागते. कपाटातल्या साडीचं हे कुणी सांगत नाही, सगळे नुसतं जप म्हणतात.

कडीकुलूप:
मामीच्या दोन पैठण्या उद्याच उलगडून बघतो. पण आत्याला काय सांगू?

हॅशटॅग_मराठी:
सिंपल लिहा ना, "नवीन साड्या घातल्याच नाहीत." घडी मोडली वगैरे आमच्या बॅचमध्ये कुणाला कळणारपण नाही.

तिखटमीठ:
साडी घालत नाहीत, नेसतात. ड्रेस घालतात.

हॅशटॅग_मराठी:
काकू, भाषा बदलते.

नारायणपेठी:
आळशी होते म्हणा. शिवलेलं घालायचं, गुंडाळायचं ते नेसायचं, शाल पांघरायची. एवढा बारीक फरक आयता मिळालाय तो टाकून सगळ्याला एकच "घालणे", कारण हिंदीत सगळंच पहनतात.

घटिकापात्र:
मग लुंगी?

मांजराकाठ:
आमच्याकडं लुंगी लावतेत.

नारायणपेठी:
लावतात ती कुलपं. लुंगी नेसतात.

मांजराकाठ:
या एकदा औशाला, बाजारच्या दिवशी सांगा हे सगळ्यांना.

हॅशटॅग_मराठी:
ओढणी घेतात की ओढतात?