जोत्यातील खडी फुगल्यामुळे जमीन वर येते का?

प्रश्न : घर बांधून सहा वर्षे झाली. तळमजल्याची काँक्रीटची जमीन मधोमध उचलली गेली आहे, तिला तीन फाट्यांची भेग पडली आहे आणि आतले दोन दरवाजे घासू लागले आहेत. आम्ही पाया खचला असे समजत होतो. पाहणीस आलेल्या अभियंत्यांना मात्र भरावाच्या खडीत पायराइट असल्याची शंका आहे. दगड कसा फुगेल?

उत्तर १ : दगड स्वतः फुगत नाही, त्याच्या फटींत नवे स्फटिक वाढतात. पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज आहे. हवा व ओल मिळाली की त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, ते खडीतल्याच चुनखडीवर क्रिया करते आणि जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचे खनिज) बनते. चुनखडीच्या जागी येणारे जिप्सम जवळपास दुप्पट जागा व्यापते, त्यामुळे शेलसारख्या पापुद्र्यांच्या खडकाचे थर विलग होतात. भराव घट्ट दाबलेला असल्याने फुगवट्याला वरच वाट मिळते. जमीन खचली असती, तर तिच्यात आणि भिंतीच्या कडेच्या पट्टीत फट पडली असती. तशी आहे का, ते आधी पाहावे.

उत्तर २ : केवळ खडीतल्या एकूण गंधकाच्या आकड्यावर विसंबू नका. युरोपीय मानकात काँक्रीटच्या खडीसाठी ही मर्यादा वजनाच्या १ टक्का आहे, पण पायराइटचे कण किती बारीक आहेत हे तितकेच निर्णायक असते. रासबेरीच्या फळासारखे दिसणारे सूक्ष्म पुंजके सर्वांत लवकर गंजतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी मागून घ्या. आयर्लंडमध्ये अशा घरांच्या दुरुस्तीसाठी २०१३ साली स्वतंत्र कायदाच करावा लागला.

प्रश्नकर्ता : फट नाही, उलट जमिनीवर उभ्या असलेल्या आतल्या भिंतीही वर सरकल्या आहेत. भेगा बुजवून वरून ओलरोधक थर दिला तर भागेल का?

उत्तर १ : मग हा फुगवटाच दिसतो, तरी तपासणी टाळू नका. वरच्या थराने काही साधणार नाही, कारण क्रियेला भरावातली दमट हवाही पुरते आणि बुजवलेली भेग पुन्हा उघडते. पायराइट सिद्ध झाल्यास जमीन फोडून सगळा भराव काढावा आणि तपासलेली, सल्फाइडमुक्त (पायराइटसारखी गंधकाची खनिजे नसलेली) खडी भरून नवी जमीन घालावी, हाच टिकाऊ उपाय आहे. फोडलेल्या काँक्रीटची खालची बाजूही पाहून घ्या. सल्फेटमुळे ती मऊ पडलेली असू शकते, आणि तसे असल्यास भरावाला टेकलेल्या भिंतींचा खालचा भागही तपासावा लागेल.