मदत हवी आहे: मराठी लावल्यापासून नावांच्या जागी चौकोन

सदाफुली: काल ऑफिसच्या कॉम्प्युटरला सगळीकडे मराठी लावलं. तेव्हापासून वसुलीच्या प्रोग्रॅममध्ये थकबाकीदारांची नावं दिसतच नाहीत, नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. उद्या सकाळी ६० नोटिसा छापायच्यात. लवकर सांगा कोणीतरी.

वाटसरू: विंडोज कुठलं? फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, आहे का? सगळीकडे म्हणजे नेमकं कुठे?

पिंपळपान: विंडोजऐवजी लिनक्स टाका. माझ्याकडे भाषा मराठी आणि तारखा इंग्रजी-भारत, दोन्ही वेगवेगळं ठेवता येतं. चार वर्षांत त्रास नाही.

वाटसरू: नोटिसा उद्या आहेत हो, लिनक्स कधी टाकणार त्या?

सदाफुली: विंडोज ११. प्रोग्रॅम २००३ सालचा, फॉन्ट त्याच्याबरोबरच आलेला. फॉन्ट दोनदा परत टाकून झाला.

रानवारा: इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या. शिफ्ट दाबून J मारलं की ऱ येतो, 'दऱ्या' बिनचूक उमटतं. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने मराठी टाइप करणाऱ्यांना, ते कधी जमत नाही.

पिंपळपान: फोनेटिकमध्येही जमतं. उगाच काहीही.

सदाफुली: टायपिंग येतं मला! आहे तेच वाचता येत नाहीये.

वाटसरू: कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये 'चेंज सिस्टम लोकेल' आहे, युनिकोड नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमांची भाषा तिथे ठरते. तिथे युटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) च्या चौकटीत टिकमार्क केलात का?

सदाफुली: हो. जगातल्या सगळ्या भाषांसाठी असं लिहिलं होतं, म्हणून केला.

वाटसरू: मग तेच कारण. तुमचा जुना फॉन्ट मराठी अक्षरं कोडपेज १२५२ (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) मधल्या इंग्रजी-युरोपीय चिन्हांच्या जागी बसवतो. त्या टिकमार्कमुळे प्रोग्रॅमला १२५२ ऐवजी ६५००१, म्हणजे युटीएफ-८, मिळतं आणि १२७ च्या पुढचे बाइट चुकीचे वाचले जातात. टिकमार्क काढा, लोकेल इंग्लिश (इंडिया) करा, रीस्टार्ट करा. विंडोजची भाषा मराठीच राहू द्या, तिचा याच्याशी संबंध नाही. आणि तोवर प्रोग्रॅममध्ये काहीही सेव्ह करू नका, चौकोनच डेटात जाऊन बसतील.

हिशेबनीस: इंग्लिश युएस मात्र चुकूनही नको. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, एक्सेल ते ४ मार्च धरतं. थकबाकीचं व्याज महिनाभर चुकेल.

पिंपळपान: तारखा रीजनल फॉरमॅटवर ठरतात, सिस्टम लोकेलवर नाही. दोन याद्या वेगळ्या आहेत.

हिशेबनीस: असतील, पण दोन्हीकडे इंडिया ठेवा. लाखाचे स्वल्पविरामही मग नीट पडतात.

सदाफुली: नावं आली!! वाटसरू, फार आभार. पण काल दोन खात्यांचे पत्ते बदलून सेव्ह केले होते, त्या दोन नावांत अजून प्रश्नचिन्हं आहेत.

वाटसरू: ती गेली. बॅकअप कधीचा आहे?

सदाफुली: शुक्रवारचा, पेनड्राइव्हवर. त्यात बघून ती दोन नावं हातानेच टाकते.