दहाव्याला कावळा शिवला आणि आत्मा न मानणारा मी ढसाढसा रडलो, हे काय आहे?

मुळाकाठ
बाबा जाऊन तीन महिने झाले. मी देवधर्म न मानणारा, आत्मा परलोक पुनर्जन्म हे सगळं मरणाच्या भीतीपोटी रचलेलं आहे असं कॉलेजपासून बोलत आलोय, ऑफिसात डबा खाताना यावर भांडलोय पण. दहावा वाईला कृष्णेच्या घाटावर केला. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. अर्धा तास, पाऊण तास, समोर कठड्यावर चार कावळे बसलेत, बघतायत, पण येत नाहीत. मग सुरू झालं. आई म्हणाली मी नीट राहीन, मी म्हणालो (हो, मी पण म्हणालो) आईला एकटं ठेवणार नाही, बहिणीच्या लग्नाचं बोलून झालं, काही नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार तेवढ्यात काका पुढे आले, हात जोडून म्हणाले, दादा, आक्काच्या वाटणीचं मी बघतो, तू काळजी करू नको. दोन मिनिटांत कावळा आला आणि चोच मारून गेला!!

मागची गोष्ट अशी की आजोबा गेल्यावर आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली होती आणि ते बाबांना शेवटपर्यंत टोचत होतं.

मला एवढंच विचारायचंय की माणूस हे सगळं मानतो तरी का? भीती म्हणावी तर मला तिथे भीती वाटतच नव्हती, उलट छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. "श्रद्धा ठेवा" आणि "अंधश्रद्धा आहे" ही दोन उत्तरं ऐकून झालीत, ती नकोत.

तिरपागडा
कावळ्याचं सोपं आहे रे. तुम्ही पंधरावीस जण पिंडाभोवती उभे राहून एकेक जण पुढे जाऊन बोलताय, तो येणार कसा? काका बोलले, सगळे गप्प झाले, दोन पावलं मागे सरकले, डोळे पुसायला लागले, म्हणून तो आला. घाटावरच्या कावळ्यांना माणसं कधी मागे हटतात ते चांगलं कळतं, रोजचं गिऱ्हाईक आहे त्यांचं. आणि दुसरं म्हणजे शेवटी जे बोललं गेलं तीच "इच्छा" ठरते. पहिल्याच मिनिटाला शिवला असता तर आईच्या काळजीत जीव अडकला होता म्हणाला असता. जिथे दर्भाचा कावळा करावा लागतो तिथली गोष्ट कोणी दहा वर्षांनी सांगत बसत नाही, शिवला तीच सांगतात.

खापरवेडा
भीतीपोटी रचलं हे मला पण पटत नाही, पण कारण वेगळं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. तीनेक हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. ही माणसं मेलेल्याला गावाबाहेर नेत नव्हती, राहत्या घरातल्या जमिनीखालीच पुरायची. लहान मूल असेल तर दोन मोठे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात ते मूल. मोठं माणूस असेल तर खड्ड्यात उताणं झोपवायचे, सोबत वाडगा, तोटीचं भांडं, आणि पावलं घोट्याखाली तोडलेली. म्हणजे जेवायखायला ठेवायचं पण पाय तोडायचे!! उत्खनन करणाऱ्यांनी अर्थ लावला तो असा की मेलेला उठून चालायला लागू नये, भूत होऊन हिंडू नये. मला मात्र नेहमी वाटतं की घराखालीच ठेवलाय म्हणजे तो हवाही होता, फक्त जागचा हलायला नको होता. (हा माझा अंदाज, पुरातत्त्ववाल्यांच्या माथी मारू नका.) तेव्हा "आपण मेल्यावर आपलं काय" ही नंतरची चिंता असावी. आधीचा प्रश्न आहे की आत्ता मेलेला हा आपला माणूस, याचं काय करायचं.

इस्राएलमध्ये काफ्झे म्हणून गुहा आहे, तिथे ९० हजार वर्षांच्याही मागची दफनं सापडलीत. पण नुसतं पुरलं म्हणजे परलोक मानत होते असं सिद्ध होत नाही, कुत्री लांडगे ओढून नेऊ नयेत म्हणून पण पुरतातच की.

मानसी_सोलापूर
मी सायकॉलॉजीवाली, थोडं लांबेल. २००४ साली जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्यॉर्कलंड यांचा एक अभ्यास आला, लहान पोरांना बाहुल्यांचा खेळ दाखवला, त्यात मगर उंदराच्या पिल्लाला खाते, मग पोरांना विचारलं आता त्याचा मेंदू चालतो का, त्याला आई आठवते का वगैरे. बरीच पोरं म्हणाली मेंदू बंद पडला, पण आईवर प्रेम आहे त्याचं अजून. गंमत म्हणजे असं म्हणणारे छोट्या वयात जास्त आणि वय वाढेल तसे कमी. नुसत्या शिकवणीने होत असतं तर उलटं दिसायला हवं होतं ना. बेरिंगचं म्हणणं की "काहीच न जाणवणं" याची कल्पनाच आपल्याला करता येत नाही, डोळे मिटून करून बघा, अंधार तरी "दिसतो"च.

पण तुमचं खरं उत्तर मला मादागास्करच्या अभ्यासात वाटतं. रिटा अस्तुती आणि पॉल हॅरिस, २००८. तिथल्या वेझो नावाच्या कोळी लोकांत पितरांना फार मान. त्यांनी मोठ्या माणसांना मेलेल्याबद्दल तेच प्रश्न विचारले, फक्त आधी सांगितलेली गोष्ट वेगळी. एका गोष्टीत माणूस दवाखान्यात मेला, दुसऱ्यात घरच्यांनी त्याच्या कबरीचं काम केलंय. कबरीची गोष्ट ऐकलेल्यांनी मन मागे उरतं असं कितीतरी जास्त सांगितलं. मेलेल्याचं काही चालत नाही हे माहीत असलेली माणसं ही, आणि पितर आहेत हेही त्यांनाच माहीत. तुम्ही पण डब्याच्या टेबलावर एक आणि घाटावर दुसरे. यात खोटेपणा नाहीये, डोक्यात दोन वह्या असतात आणि कुठली उघडायची ते जागा ठरवते.

शून्याधिक
एक घोळ होतोय. आत्मा आणि मेल्यावर पुढे काही असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. बुद्धाने आत्मा नाकारला, पुनर्जन्म ठेवला. चार्वाकांनी दोन्ही उडवलं, श्राद्धाने मेलेल्याचं पोट भरत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधायची हा टोला त्यांच्याच नावावर आहे. आणि सगळे परलोक दिलासा द्यायला असतात हेही खरं नाही, मेसोपोटेमियातले मेलेले अंधारात बसून धूळ खातात, ग्रीकांच्या हेडीसमध्ये नुसत्या सावल्या. असला परलोक स्वतःला बरं वाटावं म्हणून कोण रचेल? मानसीताई म्हणतात ते यात बसतं, आधी माणूस "कुठेतरी आहे" असं वाटतं, तिथे सुख की दुःख ते नंतर रंगवतात.

ठाण्याच्या_आजी
तिरपागडा, बाळा, कावळा का आला ते तू छान सांगितलंस, पण काका का बोलले ते नाही सांगितलंस. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. संध्याकाळी साडेसहाला लॅचचा आवाज आला की मी अजून गॅसवर दुसरा कप टाकते, मग कळतं की शेजारचं दार. हे गेले त्या रात्री दिव्यापाशी पीठ पसरून वर पाटी झाकली होती, सकाळी सगळे वाकून पावलं बघत होते, कोणी म्हणे चिमणीची कोणी म्हणे गाईची. मला काहीच दिसलं नाही, तरी म्हटलं चिमणीची. डॉक्टरांना मी हे चहाचं कधी सांगितलं नाही, वेड लागलं म्हणतील.

मानसी_सोलापूर
आजी, अजिबात वेड नाही. वेल्समध्ये ड्युई रीस नावाचे गावातले डॉक्टर होते, त्यांनी २९३ विधवा विधुरांना विचारलं, १९७१ ला छापून आलंय. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही भास व्हायचा, बऱ्याच जणांना तो घरात असल्यासारखा वाटायचा, काहींना दिसायचा, आवाज यायचा. आणि बहुतेकांनी तोवर कुणाला सांगितलंच नव्हतं, तुमच्यासारखंच. चहा टाका तुम्ही.

तिरपागडा
आजी, मान्य. काकांचं माझ्याकडे उत्तर नाही.

मुळाकाठ
सगळ्यांचे आभार, दोन वह्यांचं डोक्यात घर करून बसलंय. बाबांचा मोबाईल मी अजून रिचार्ज करतो हे आजींचं वाचून लक्षात आलं, आईला पण माहीत नाही.

आता पुढचं ऐका. वाटणीचं काय झालं म्हणून मागच्या रविवारी काकांना फोन केला. म्हणाले, हे बघ, त्या दिवशी घाटावर शेजारी अजून एका घरचा दहावा चालू होता, आणि तो कावळा नीट बघितलास तर त्यांच्या पिंडाला शिवला, आपल्या नाही.

आत्या म्हणते आपल्याच. तिने फोटो काढून ठेवलाय.