मदत हवी आहे : वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या बरोबर सिद्धतेला गुण मिळतात का?

माझी मुलगी मुंबईत राज्य मंडळाच्या मराठी शाळेत नववीत आहे. त्रिकोणाच्या कोनांच्या मापांची बेरीज १८०° असते, हे सिद्ध करताना तिने शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढण्याऐवजी पाया पुढे वाढवला आणि त्या टोकाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढली. सिद्धता बिनचूक असूनही ‘पुस्तकाप्रमाणे लिहा’ एवढाच शेरा देऊन गुण कापले गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चिकित्सक विचारावर भर देते, त्यामुळे हे फार खटकते. गणिताच्या बाईंना भेटले. सिद्धता त्यांना पटली, पण दहावीला धोका नको, असे त्या म्हणाल्या. शाळा बदलायची नाही आणि तक्रारही करायची नाही. मंडळाच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या शिक्षकांनी कृपया सांगावे : तर्कशुद्ध पर्यायी सिद्धतेला पूर्ण गुण द्यावेत, अशी लेखी सूचना परीक्षकांना असते का, आणि असल्यास ती बाईंना दाखवण्यासाठी कुठे मिळेल?