विषय: डॉकखालचा बास कसा धरायचा?

महेश (मूळ परभणी):
मंडळाची सहल मिसुरीत लेक ऑफ द ओझार्क्सला ठरली आहे. येलदरीवर मरळ धरणाऱ्यानं तिथं डॉकपाशी (बोटी बांधायच्या धक्क्यापाशी) बास मासा कसा धरावा? सामान काय आणावं?

बाळूकाका (मूळ पैठण):
महेशराव, मरळीची सवय आधी विसरा. मरळ हवा घ्यायला वर येते, बुडबुडा दिसला की तिथं बेडूक टाकता येतो. बासचं तसं नाही, त्याची जागा सावलीवरून हेरायची. ऊन चढलं की डॉकच्या सावलीतला सगळ्यात आतला, अंधारा कोपरा गाठा. आभाळ भरलेलं असेल तर मासा बाहेर फिरत राहतो. मग डॉकपाशी फार वेळ घालवू नका.

हा तलाव बॅगनेल धरणाचा, 1931 चा. डॉक बहुतेक तरंगते. ज्या डॉकवर रॉड-होल्डर किंवा पाण्याकडं रोखलेले दिवे दिसतील, तिथं मालकानं खाली झाडाच्या फांद्या बुडवलेल्या असण्याची शक्यता जास्त. फांद्यांत मासे जमतात, असा डॉक सोडायचा नाही.

7 फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, 2500 आकाराचं रीळ, 15 पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), त्याच्या पुढं लीडर म्हणून 5-6 फूट 12 पौंडी फ्लुरोकार्बनचा दोरा. आमिष म्हणून 5 इंची मऊ प्लास्टिकची काडी, हिरवट रंगाची, 3/0 ऑफसेट हुकला. हुकचं टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं. शिसं नको.

फेक मात्र शिकावी लागते. गोदाकाठी पाण्यावर भाकऱ्या काढायचो तोच हात. रॉडचं टोक पाण्यालगत, फेक आडवी. काडी डॉकच्या चार फूट अलीकडं सपाट पडून घसरत आत जायला हवी. फेक उंच गेली की ती फळीवर आपटते, फार खाली मारली की तिथंच बुडते. पडल्यावर दोरा सैल सोडा. ताणलात तर काडी सरळ न बुडता बाहेर ओढली जाते. बास बहुधा ती बुडतानाच घेतो. दोरा बाजूला सरकला, किंवा वेळेआधी थांबला, की सैल दोरा गुंडाळून झटका द्या आणि रॉड आडवा धरून लगेच बाहेर ओढा.

सुनंदा (मूळ लातूर):
काका, केबलचं राहिलं. डॉकच्या विंचमधून (केबल गुंडाळायच्या चाकातून) केबल तिरकी किनाऱ्याकडं जाते. तिला आडवं टाकलं की मासा वेढा घालतो आणि लीडर तुटतो, म्हणून केबलच्या रेषेतच फेका. प्रत्येक माशानंतर लीडर बोटांनी चाचपा. खरखरीत लागला तर तेवढा कापून पुन्हा बांधा.

डॉक खासगी असतात, वर पाय ठेवायचा नाही. बोटीच्या कव्हरला हुक अडकला तर हिसका मारू नका, कापड फाटतं. जवळ जाऊन सोडवा. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या, 16 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो.

आणि हो, डॉकवर वीज असते. वायरिंग खराब असेल तर प्रवाह पाण्यात उतरतो. मुलांना तिथं पोहू देऊ नका, मासे मिळोत न मिळोत.